कृष्णाबाईची डावी गाठ

कृष्णाबाई डावखुरी होती. विळा डाव्या हातात धरायची, सूप डावीकडे झुकवून पाखडायची, आणि पोत्याच्या कानाला चिंधी बांधली की तिची शेपटी डावीकडे पडायची. पौडच्या आमच्या सोसायटीच्या गोदामात हे सगळ्यांच्या डोळ्यांसमोर रोज होत होतं. म्हणूनच कोणी त्याकडे बघत नव्हतं. मीही बघत नव्हतो.

मी तिथला हमाल, युनूस. हिरडा पोत्यात भरायचा, दाभणानं पोतं शिवायचं, उचलायचं, गाडीत रचायचं. चौदा वर्षं हेच केलं. एका पोत्याला बावीस टाके, ना एक कमी ना एक जास्त. आता कंबर गेली आहे, पण कोणी शिवलेलं पोतं दिसलं की टाके मोजले जातात.

कृष्णाबाई ताम्हिणीच्या अंगाच्या एका वाडीवरची. नवरा बुधा कोळशाच्या भट्टीवर जायचा. ती डोंगरातला हिरडा वेचून डोक्यावरून पौडला आणायची, व्यापाऱ्याला घालायची. व्यापारी पाटीत हात घालून 'ओला आहे' म्हणायचा आणि भाव पाडायचा. बाकीच्या बाया मान खाली घालून देऊन जायच्या. ही एक मूठ उचलून ओट्यावर टाकायची. "वाजतोय का न्हाई ते ऐक. मग बोल." वाळलेला हिरडा दगडावर टाकला तर खडे टाकल्यासारखा खणखणतो. आत ओल असेल तर थप्प करून बसतो. व्यापारी ऐकायचा आणि तरीही भाव पाडायचा.

छप्पन साली सोसायटी निघाली. हिरडा वेचणाऱ्यांनी मिळून माल गोळा करायचा, वाळवायचा, विकायचा. सेक्रेटरी जयसिंगराव मॅट्रिक झालेले. माल पारखायला माणूस हवा म्हटल्यावर त्यांनी कृष्णाबाईला बोलावलं. वाडीवरची बाई गोदामात बसणार म्हणून काही जण हसले. ती दाराशी पालथ्या खोक्यावर बसायला लागली. रोजाचे पैसे मिळायला लागले आणि बुधाचं भट्टीवर जाणं बंद झालं. त्याची छाती धुरानं तेव्हाच खराब झाली होती.

तोवर आमच्या डोंगरातला हिरडा मुंबईच्या दलालांकडे जायचा. तिथून पुढे कुठे जातो ते आम्हाला ठाऊक नव्हतं. जयसिंगराव पेपर वाचायचे. शेजारच्या देशांनी एकमेकांशी सरळ व्यापार करावा, मधल्यांचे हात कमी करावेत, असं तेव्हा बरंच छापून यायचं. ते म्हणायचे, "सिलोनचं खोबरं मुंबईला उतरतं. आपला हिरडा मुंबईहून सिलोनला चढतो. शेजाऱ्या-शेजाऱ्यांचा माल आणि मधे चार ओटे. कशाला?" वर्षभर त्यांनी पत्रं लिहिली. सत्तावन्नच्या डिसेंबरात कोलंबोहून एक माणूस आला. पियदास त्याचं नाव. तिकडे कातडी कमावणाऱ्यांची आणि झाडपाल्याची औषधं करणाऱ्यांची मिळून एक सोसायटी होती, तिचा खरेदीदार. पुण्याहून जीपनं आला, धुळीनं पांढरा झालेला.

त्यानं हिरडा फोडला आणि तुकडा तोंडात टाकला. कृष्णाबाईनंही टाकला. दोघांची तोंडं सारखीच वाकडी झाली. तो काहीतरी बोलला.

"काय म्हणतोय?" कृष्णाबाईनं विचारलं.

जयसिंगराव त्याच्याशी इंग्रजीत बोलत होते. म्हणाले, "त्यांच्याकडं हिरड्याला अरळु म्हणत्यात."

"म्हंजे झाड हाय त्यांच्याकडं?"

"हाय. पण पुरत न्हाई."

"मग न्या म्हणावं आमचा. त्यांचं पोटबी आमच्यावानीच बिघडत आसंल."

जयसिंगरावांनी ते सांगितलं. पियदास पोट धरून हसला. मग वहीत बघत त्यानं एक गोष्ट विचारली. कोलंबोला बोटीवरून पोती उतरली की कुठलं पोतं नीट पारखलेलं आहे, हे मला कसं कळणार? प्रत्येक पोतं उसवून बघायचं आणि पुन्हा शिवायचं म्हणजे माणसं लागणार. मग सरळ घेण्यात काय राहिलं?

प्रश्न बरोबर होता. उसवणं-शिवणं म्हणजे काय ते मला माहीत होतं.

कृष्णाबाईनं बसायला अंथरलेल्या जुन्या हिरव्या लुगड्याची एक चिंधी टर्रकन फाडली आणि मी नुकत्याच शिवलेल्या पोत्याच्या कानाला बांधली. "ही आसंल तर मी बघितलेला माल. नसंल तर परत धाडा."

पियदासनं चिंधी दोन बोटांत धरून ओढून बघितली. सुटली नाही. त्यानं वहीत लिहून घेतलं. करार नंतर चार पानांचा झाला, पण मालाची परीक्षा म्हणून त्यात त्या चिंधीपलीकडे फार काही नव्हतं.

पहिल्या वर्षी साठ पोती गेली. पत्र आलं, माल उत्तम, एकही पोतं उसवावं लागलं नाही, पुढच्या वर्षी शंभर पाठवा. ती शंभर अशीच निघाली तर दरवर्षी तीनशे घेऊ, आणि मुठा खोऱ्यातल्या वाड्यांचाही माल घेऊ. जयसिंगरावांनी ते पत्र गोदामात मोठ्यानं वाचलं. तीनशे पोती म्हणजे आसपासच्या कुठल्याच वाडीला व्यापाऱ्याच्या ओट्यावर जायची गरज नाही. कृष्णाबाई नुसतं "बरं" म्हणाली आणि सूप उचललं.

एकोणसाठच्या जानेवारीत शंभराची तयारी होती. गावाबाहेर मोठा कातळ आहे, त्यावर आम्ही हिरडा पसरायचो. सकाळी पसरायचा, दुपारी दताळ्यानं वरखाली करायचा, दंव पडायच्या आत गोळा करून झाकायचा. त्याला आम्ही एक ऊन म्हणायचो. त्या वर्षी मधेच मळभ आलं. अठ्ठ्याऐंशी पोती झाली आणि बारा पोत्यांचा ढीग कातळाच्या आंब्याकडच्या कोपऱ्यात राहिला. कृष्णाबाईनं त्यातली मूठ दगडावर टाकली. थप्प.

"अजून तीन उन्हं पायजेत ह्याला," ती म्हणाली.

त्याच दिवशी वाडीवरून निरोप आला की बुधाला दम लागलाय. ती निघाली. जाताना चिंध्यांची जुडी माझ्या हातात दिली. "ही ठिव. तीन उन्हं झाल्याबिगर बांधू नगंस."

"मला काय शिकवती व्हय, बाई?"

"तुलाच सांगतीया. दाभण तुझ्याकडंच असतंय."

गाडी चौथ्या दिवशी यायची होती. ती दुसऱ्याच दिवशी सकाळी आली. ड्रायव्हर म्हणाला, बोटीची तारीख अलीकडे आली आहे, आज भरा. जयसिंगराव कागद घेऊन आले. "युनूस, शंभर हायेत?"

त्या वेळी 'अठ्ठ्याऐंशी' म्हटलं असतं तर अठ्ठ्याऐंशी गेली असती. जयसिंगराव थोडे नाराज झाले असते, तिकडे एक पत्र गेलं असतं, एवढंच. पण माझ्यामुळे गाडी कधी अर्धी गेली नव्हती. तो माझा माज होता. आणि दुसरंही होतं, तेही लिहितो. तीन उन्हं म्हणजे बारा पोत्यांचा माल तीन वेळा पसरायचा, तीन वेळा ओढायचा, तीन वेळा गोळा करून झाकायचा. बाई नाही म्हणजे ते एकट्यानं करायचं. मला त्याचा कंटाळा आला होता. लोकांच्या कामात खोट काढणाऱ्या माणसाला कंटाळा आला होता.

"हायेत," मी म्हणालो.

दोन तासांत बारा पोती भरली. प्रत्येकाला बावीस टाके घातले. चिंधी बांधली आणि ओढून बघितली. ते काम इतकं नीट केलं की कोणाला बोट ठेवता आलं नसतं. आत ओला हिरडा होता.

कृष्णाबाई चार दिवसांनी आली. बुधा सावरला होता. कातळ रिकामा बघून तिनं विचारलं, "तीन उन्हं घातलीस?"

"घातली."

"वर तर दोनच दिवस ऊन होतं."

"हितं तीन पडलं."

तिनं डोंगराकडे बघितलं. वर ढग आणि खाली ऊन असं आमच्याकडे होतं. "पडलं आसंल," ती म्हणाली आणि उरलेल्या चिंध्या मागून घेतल्या.

एप्रिलमध्ये कोलंबोहून पाकीट आलं. बारा पोत्यांना आतून बुरशी लागली होती. शेजारच्या सात पोत्यांनाही ती चिकटली. पियदासनं कुठे वाकडा शब्द लिहिला नव्हता. लिहिलं होतं एवढंच, की आम्ही चिंधी बघून माल घेतो, ती चिंधी पुढेही तशीच खरी राहील का ते कळवावं. आणि पाकिटात त्या बारा पोत्यांच्या कानावरून कापलेल्या बारा चिंध्या होत्या, गाठीसकट.

कमिटीची बैठक गोदामातच झाली. जयसिंगरावांनी चिंध्या टेबलावर ओतल्या. मी दाराशी उभा होतो, आणि तेव्हा मला पहिल्यांदा दिसलं. बाराही गाठींच्या शेपट्या उजवीकडे होत्या. कोणी एकानं जरी 'बाई, एक गाठ बांधून दाखव' म्हटलं असतं, तर संपलं असतं.

एक मेंबर म्हणाला, "सिलोनशी गाठ बांधायला निघाली व्हती बाई. बसली गाठ."

दोघे हसले. कृष्णाबाई पुढे आली. चिंध्या उचलून तिनं बघितल्या. मग माझ्याकडे बघितलं. फार वेळ नाही, दाभण एकदा पोत्यातून काढायला लागतो तेवढाच. आणि तिनं बारा चिंध्यांवर मूठ मिटली.

"माझ्याच हायेत. घाई झाली," ती म्हणाली.

"तू तर वर गेली व्हतीस त्या दिसांत," जयसिंगराव म्हणाले.

"जायच्या आदी बांधून गेले."

जयसिंगराव माझ्याकडे वळले. "युनूस?"

मी म्हणालो, "मी शिवतो. गाठीचं बाई बघती."

हे वाक्य मी म्हणालो. त्यातला शब्दन् शब्द खरा होता. आयुष्यात याहून वाईट मी काही बोललो नाही.

जयसिंगरावांनी हात पुढे केला. बाईनं चिंध्यांचा मिटलेला गोळा परत पाकिटात टाकला. दुसऱ्या दिवसापासून ती आली नाही. कोलंबोला पत्र गेलं की पारखणारा माणूस बदलला आहे, चिंधी तीच राहील. उत्तर आलं, ठीक आहे, माल चालू ठेवू.

महिन्याभरानं रस्त्यावर ती मला भेटली. डोक्यावर हिरड्याची पाटी, पुन्हा आधीसारखी. वाडी ते पौड, दोन तासांची चाल.

"का बोलली न्हाईस, बाई?" मी विचारलं.

ती पाटी न उतरवताच बोलली. "काय बोलू? गाठ कुनीबी बांधतंय, आसं? मग उद्या तो हिरवी चिंधी बघून पोतं घील? बाई चुकली तर बाई बदलत्यात. चिंधी खोटी निघाली तर माल बंद हुतो. वाड्यांवरच्या बाया पुन्ना त्या ओट्यावर जात्याल."

मला बरं वाटलं. म्हणालो, "म्हणूनच मीबी गप ऱ्हायलो."

"न्हाई," ती म्हणाली. "तू कशापायी गप ऱ्हायलास ते तुझं तू बघ. ते माझ्या पाटीत घालू नगंस." आणि गेली.

तिची जागा मला मिळाली. जयसिंगराव म्हणाले, कामाला तू कडक आहेस, तूच बघ. मी नाही म्हणालो नाही. घरी डाव्या हातानं गाठ बांधायला शिकलो. खाटेच्या पायाला चिंध्या बांधायचो, सोडायचो. बायको बद्रुन्निसा म्हणाली, "ही डाव्या हाताची थेरं कशाला? उजवा मोडलाय काय?" मी सांगितलं, "बाईची गाठ अशी व्हती." ती म्हणाली, "मग बाईलाच का न्हाई बोलवत?" मी गाठ सोडली आणि पुन्हा बांधायला घेतली. पंधरा दिवसांत शेपटी डावीकडे पडायला लागली.

पुढच्या हंगामात तीनशे पोती गेली. मग दरवर्षी जात राहिली. मुठा खोऱ्यातल्या वाड्याही आल्या. मूठभर हिरडा दगडावर टाकल्याशिवाय आणि कान देऊन ऐकल्याशिवाय एकही पोतं मी शिवलं नाही. थप्प वाजलं तर गाडी परत पाठवली, दोनदा पाठवली. लोक म्हणायचे, युनूसभाईचं काम म्हणजे काम. ते ऐकताना मला मान वर करता यायची नाही.

साठ साली बुधा पुन्हा भट्टीवर जायला लागला. कृष्णाबाईचा रोज बंद झाला होता, दुसरं काय करणार? एकसष्टच्या उन्हाळ्यात तो गेला. भट्टीनं गेला की आधीच्या दुखण्यानं, मला सांगता येणार नाही. त्याला भट्टीची वाट मी पुन्हा दाखवली, एवढं सांगता येतं. मातीला मी गेलो होतो. मागे उभा राहिलो आणि तसाच परतलो.

चौसष्ट साली पियदास पुन्हा आला. केस पांढरे झाले होते. गोदामात शिरताच त्यानं पालथ्या खोक्याकडे बघितलं आणि जयसिंगरावांना विचारलं, ती बाई कुठे आहे? जयसिंगरावांनी सांगितलं, ती आता येत नाही, पाच वर्षं हा बघतो. पियदासनं माझा हात दोन्ही हातांत धरला. पाच वर्षांत एक पोतं खराब नाही म्हणाला. मग पिशवीतून हिरवं हातमागाचं कापड काढलं. चिंधीसाठी बाई आपलं लुगडं फाडते हे त्याच्या लक्षात राहिलं होतं. म्हणून तो तिच्यासाठी कापड घेऊन आला होता, समुद्रापलीकडून.

तेव्हा बोलता आलं असतं. माल टिकला होता, भरवसा बसला होता, त्या एका गोष्टीनं काही मोडलं नसतं. मी कापड घेतलं आणि म्हणालो, पोचवतो.

दुसऱ्या दिवशी वाडीवर चढून गेलो. कृष्णाबाई दारात बसून पाटीचा तुटलेला काठ बांधत होती. मी कापड पुढे ठेवलं आणि कोणी दिलं ते सांगितलं. तिनं ते बोटांत चोळून बघितलं.

"चांगलं हाय. फाडायला नगो." मग म्हणाली, "सांगितलंस का त्याला?"

"न्हाई."

"जयसिंगदादाला?"

"न्हाई."

तिनं पाटी माझ्याकडे सरकवली आणि एक चिंधी दिली. "बांध."

मी पाटीच्या कानाला डाव्या हातानं गाठ बांधली. शेपटी डावीकडे पडली. तिनं ओढून बघितली. घट्ट होती.

"कुटं शिकलास?"

"घरी. खाटेच्या पायावर."

"किती दिस झालं?"

"पाच वर्सं."

तिनं दुसरी चिंधी दिली. "आता तुझ्या हातानं बांध."

मी दुसऱ्या कानाला उजव्या हातानं बांधली. शेपटी उजवीकडे गेली. दोन्ही गाठी तिनं बराच वेळ बघितल्या. मग डावी गाठ सोडली, चिंधी सरळ केली आणि कमरेला खोचली. "ही माझी हाय," ती म्हणाली. "तुझी ती."

पाणी दिलं तिनं, पिऊन मी उतरलो.

त्या हंगामाचं पहिलं पोतं मी उजव्या हातानं बांधलं. वीस पोती झाल्यावर जयसिंगराव आले, गाडीची यादी बघायला. यादी बघता बघता त्यांचा हात एका पोत्यावर थांबला. "युनूस, गाठ फिरली?"

"माझी अशीच पडती."

ते मग कपाटाकडे गेले, जुन्या कागदांखालून ते पाकीट काढलं आणि चिंध्या हातावर घेतल्या. बाराही होत्या. मी दाभण खाली ठेवलं आणि सगळं सांगितलं. आधीच बहुतेक त्यांना कळलं होतं, तरी मधेच थांबलो नाही.

"हे पाच वर्सांमागं सांगायचं व्हतं," ते म्हणाले.

"व्हय."

"मी तेव्हा तुला विचारलं व्हतं."

"व्हय."

त्यांनी चिंध्या पाकिटात घातल्या. मला काढतील असं वाटलं होतं. काढलं नाही. "मीबी गाठ बघितली न्हाई," म्हणाले, आणि रविवारी स्वतः वाडीवर गेले, बाईला परत बोलवायला.

ती आली नाही. म्हणाली, आता खाली-वर होत नाही. तिनं त्यांच्याबरोबर एक निरोप धाडला. कातळाच्या आंब्याकडच्या कोपऱ्यावर दुपारी सावली येते, तिथल्या मालाला तीन उन्हं पुरत नाहीत, चार घाला.

गोदाम बंद होईपर्यंत मी त्या कोपऱ्याला चार उन्हं घातली.